आमच्या घरातलं हेमलकसा

प्रत्येक घराची एक बोली असते. ती व्याकरणाच्या पुस्तकात नसते आणि शब्दकोशात तर नसतेच नसते. आमच्याकडे पातळ झालेल्या वरणाला ‘वैनगंगा’ म्हणतात. फारच पातळ झालं असेल तर ‘पावसाळ्यातली वैनगंगा’. एखादं मूल थांबत थांबत, मध्येच वेग घेत, पुन्हा आडस्टेशनावर उभं राहिल्यासारखं रडू लागलं की ती ‘पॅसेंजर’. जायला म्हणून उठतो आणि दारात उभा राहून आणखी तासभर बोलतो, तो पाहुणा ‘उंबरठाकर’. आणि दिवे गेले, की आमच्याकडे ‘दिवे गेले’ असं कुणी म्हणत नाही. ‘हेमलकसा आलं’ असं म्हणतात.

हा शेवटचा शब्द ह्यांनी घरात आणला. संध्याकाळी पंखा हळूहळू थांबायचा, रेडिओ गाण्याच्या मध्येच मुका व्हायचा, शेजारच्या चारही घरांतून एकदम ‘अरेऽऽ’ असा सामुदायिक उद्गार यायचा आणि काळोखातून ह्यांचा आवाज यायचा, “चला, आलं बाप्पा हेमलकसा!” मग हे कंदील लावायचे. आमच्या विदर्भात वीज जाणं हा काही दुर्मीळ योग नव्हे. पुढे भारनियमनाच्या काळात तर ती घड्याळ लावून जायची. त्यामुळे हा शब्द पार गुळगुळीत होईपर्यंत वापरला गेला. मुलगा ह्याच शब्दावर वाढला, नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सामानाबरोबर शब्दही घेऊन गेला. आमची सूनबाई कोल्हापूरची. तिनंही तो विनातक्रार स्वीकारला. सासरची तिनं विनातक्रार स्वीकारलेली बहुधा ती एकच गोष्ट असेल.

आणि मग तो नातवंडांकडे गेला. नातू अकरा वर्षांचा, नात आठ वर्षांची. एक दिवस नातवाच्या वर्गातले दिवे गेले. हा पठ्ठ्या सवयीनं मोठ्यांदा ओरडला, “हेमलकसा आलं!” बाईंनी त्याला उभं केलं. हेमलकसा हे गाव असून ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तिथे डॉक्टर प्रकाश आमटे आणि मंदाताई आमटे राहतात, त्यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ साली त्यांच्यावर नाना पाटेकरांचा सिनेमाही आला, अशी पुष्कळ माहिती त्याला भर वर्गात मिळाली. आपण बोलतो तो शब्द म्हणजे एक गाव आहे हे कळल्यावर माणसाचं काय होईल? उद्या मला कुणी सांगितलं की ‘कंटाळा’ हे वर्धा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण आहे, तर मीही बावचळेन.

संध्याकाळी फोन आला. “आजी, हेमलकसा गाव आहे?”

“आहे की.”

“तिथे सारखे दिवे जातात?”

“जातात कसले? पूर्वी तिथे दिवेच नव्हते.”

“मग आजोबा आपल्याकडचे दिवे गेले की तसं का म्हणायचे?”

“बाळा, वरण उतू चाललंय रे,” असं म्हणून मी फोन ठेवला. वास्तविक त्या दिवशी मी खिचडी केली होती, आणि तीही कुकरात.

आता आजी म्हणून माझी कीर्ती काय आहे ते सांगायला हवं, म्हणजे ह्या फोन ठेवण्याचं गांभीर्य कळेल. आठवणी सांगण्यात माझा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नाही. चंद्रपूरचा उन्हाळा, माझं लग्न, ह्यांनी पहिल्यांदा केलेला आणि शेवटचा ठरलेला स्वयंपाक, असा मोठा साठा माझ्याजवळ आहे. त्यातली खास मागणी असलेली आठवण म्हणजे आलापल्लीचं अस्वल. माझे मामा जंगलखात्यात होते. मी दहा वर्षांची असताना सुटीत त्यांच्याकडे आलापल्लीला गेले होते, आणि रात्री अस्वल आलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते नाल्यापलीकडे उभं होतं. पुढच्या वर्षी ते अंगणात आलं. गेल्या दिवाळीत त्यानं दारावर थाप मारली आणि मी आतून “कोण आहे?” असं खणखणीत आवाजात विचारलं. नातू म्हणाला, “आजी, पुढच्या वर्षी ते चहा घेऊन जाईल.” मी म्हटलं, आठवणी लोणच्यासारख्या असतात, मुरल्या की वाढतात. तो म्हणाला, लोणचं मुरलं की कमी होतं, बरणीत बघ. हल्लीच्या मुलांना विज्ञान फार लवकर शिकवतात.

तर अशी ही बडबडी आजी एका साध्या प्रश्नावर फोन ठेवते, हे त्या पोराच्या नजरेतून सुटलं नाही. नाताळच्या सुटीत दोघंही नागपूरला आली ती मागणी घेऊनच. हेमलकशाला जायचं. मुलगा म्हणाला, “आई, मी गाडी काढतो.” मला गुडघे आठवले, थंडी आठवली, रक्तदाब आठवला. कशाचाही उपयोग झाला नाही.

नागपूरहून हेमलकसा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, दशम्या आणि संत्री असा सरंजाम घेतला. सूनबाई म्हणाली, “आई, वाटेत हॉटेलं आहेत.” असतील. पण हॉटेलातला माणूस आपल्याला “आणखी एक घे, वाळली आहेस” असं म्हणत नाही.

पहिले शंभर किलोमीटर दोन्ही मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. वरोरा आलं तशी मी संधी साधली. इथेच आनंदवन. मी त्यांना साधनाताईंची गोष्ट सांगायला घेतली. नागपूरच्या घुल्यांची इंदू. घराणं शास्त्री-पंडितांचं, कर्मठ. एका लग्नघरात सगळी पाहुणेमंडळी मौजेत असताना ही मुलगी हळूच सटकून म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती. ते बाबा आमट्यांनी पाहिलं आणि ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. १९४६ साली लग्न झालं.

“म्हणजे धुणं धुतल्यामुळे लग्न ठरलं?” नातीनं विचारलं.

“हो.”

“मग आपल्याकडे मशीन आहे ते बरं आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा मोबाइलकडे वळली.

पण पुढचं ऐकताना दोघांनीही मान वर केली. पन्नास सालाच्या आगेमागे, माणसानं वस्ती करू नये अशा खडकाळ जागी हे कुटुंब राहायला आलं. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चार कुत्री, खिशात चौदा रुपये, आणि विकास आणि प्रकाश ही दोन लहानगी मुलं. ताईंनी पुढे हे सगळं ‘समिधा’ या पुस्तकात लिहून ठेवलं. ताई २०११ साली गेल्या, पण त्यांची नातवंडं-पतवंडंच काय, कुणाचीही नातवंडं ते पुस्तक काढून वाचू शकतात. आमच्यासारख्या आज्यांचं बाड मात्र तोंडी. आणि तोंडी बाडात खाडाखोड केली तर ती दिसत नाही, ही त्यातली सोय आहे. हे शेवटचं वाक्य मी मनातल्या मनात म्हटलं.

बल्लारपूर मागे पडलं, गोंडपिपरी गेलं. आष्टीच्या पुलावरून खरी वैनगंगा पाहिल्यावर नात म्हणाली, “वरणापेक्षा घट्ट आहे.” आलापल्लीला आम्ही दशम्या सोडल्या. इथलं जुनं राखलेलं सागवानाचं जंगल ‘वनवैभव’ म्हणून ओळखलं जातं आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं. मी लहानपणी पाहिलेली झाडं मला तेवढीच उंच दिसली. एरवी लहानपणी पाहिलेलं सगळं मोठेपणी आखूड होतं. ही झाडं बहुधा माझ्याबरोबरीनं वाढत राहिली असावीत. “अस्वल कुठून आलं होतं?” नातवानं विचारलं. मी हातानं एक दिशा दाखवली. मुलगा म्हणाला, “आई, तिकडे बसस्टँड आहे.”

आलापल्लीच्या पुढे मात्र एक चमत्कार घडला. मोबाइलची रेंज गेली आणि आजीची रेंज सुरू झाली. मी बोलत होते आणि दोघंही ऐकत होती. १९७० साली बाबा आपल्या मुलांना घेऊन भामरागडकडे सहलीला आले होते. इथले माडिया लोक तेव्हा बाहेरचा माणूस दिसला की जंगलात पळून जात. ना दवाखाना, ना शाळा, ना रस्ता. बाबांनी इथे काम करायचं मनात घेतलं आणि प्रकाश म्हणाले, मी येईन. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश नागपूरला सर्जरीचं पुढचं शिक्षण घेत होते, ते सोडून आले. मंदाताईही डॉक्टर, भूलतज्ज्ञ. १९७२ च्या डिसेंबरात त्यांचं लग्न झालं होतं आणि आपण पुढे कुठे जाणार आहोत हे त्यांना लग्नाआधीच माहीत होतं.

“तरी त्या हो म्हणाल्या?” नातवानं विचारलं.

“हो म्हणाल्या.”

“लगेच?”

मी पुऱ्यांचा डबा उघडला. “खा. वाळला आहेस.”

हेमलकसा आलं, म्हणजे खरोखरीचं आलं, तेव्हा दुपार कलली होती. नात गाडीतून उतरली आणि आकाशाकडे बघत म्हणाली, “इथे तर केवढा उजेड आहे!” तिची बिचारीची फसगत झाली होती. जन्मभर ज्या शब्दाचा अर्थ काळोख, तिथे स्वच्छ ऊन पडलेलं, दवाखान्यासमोर लांबलांबून आलेली माणसं बसलेली, शाळेतून शेकडो मुलांचा गलका येत असलेला. ही शाळा १९७६ साली सुरू झाली. प्रकाशभाऊ आणि मंदाताईंचे मुलगे दिगंत आणि अनिकेत ह्याच शाळेत माडिया मुलांच्या बरोबरीनं शिकले, आणि आता तेच दोघं आपापल्या बायकांसह प्रकल्पाचं काम बघतात.

प्राण्यांच्या अनाथालयात तर दोन्ही मुलांनी मुक्कामच ठोकला. बिबटे, अस्वलं, हरणं, मगरी. ते कसं सुरू झालं ते मी त्यांना सांगितलं. माडिया लोक शिकार करीत ती मौजेसाठी नव्हे, पोटासाठी. एकदा काहीजण मारलेली माकडीण बांबूला बांधून नेत होते आणि तिचं जिवंत पिल्लू तिला तसंच बिलगून दूध पीत होतं. प्रकाशभाऊंनी ते पिल्लू मागून घेतलं. तिचं नाव बबली. मग लोक अशी पोरकी पिल्लं आणून देऊ लागले, त्यांच्या बदल्यात धान्य मिळू लागलं, आणि गोतावळा वाढत गेला. नात बराच वेळ गप्प होती. मग तिनं माझ्या पदराचं टोक हातात धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. नातू मात्र एका फोटोसमोर उभा होता. पांढरी बंडी, पांढरी अर्धी चड्डी आणि अंगावर लाडात आलेला बिबट्या. “आजी, ह्यांना कुणी ‘आधी शर्ट घाल’ असं म्हणत नाही?” भोवतालच्या माणसांच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे पाहून ह्या माणसानं आपले कपडे कमी केले, हे मी त्याला समजावलं. तेव्हापासून त्याचं थंडीत बनियनवर हिंडणं सुरू झालं आहे आणि सूनबाई त्याचं खापर माझ्यावर फोडते.

“मंदाताईंना भेटू या ना,” मुलगा म्हणाला. मी म्हटलं, “नको. कामात असतील.” खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहण्याची हिंमत नव्हती. का, ते रात्री सांगितलं.

रात्रीची जेवणं झाली. मुलगा आणि सून दिवसभराच्या प्रवासानं पलीकडच्या खोलीत आडवी झाली. नातवंडं माझ्या खोलीत. दिवा चालू होता आणि दोघंही टक लावून दिव्याकडे बघत बसली होती.

“काय रे, झोपायचं नाही?”

“हेमलकसा यायची वाट बघतोय,” नातू म्हणाला.

अर्धा तास झाला. दिवा काही जाईना. हेमलकशात हेमलकसा येईना. शेवटी मीच उठले आणि बटण दाबलं. उजेडात जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी काळोख ही चांगली सोय आहे, हे ह्यांना ठाऊक होतं, मला त्या रात्री कळलं.

मी सांगितलं. १९७६ साल. लग्नाला दोन वर्षं झालेली. हे चंद्रपूरला शाळेत शिक्षक. लग्नाआधी मे महिन्यात सोमनाथला बाबांच्या श्रमसंस्कार छावणीत जाऊन आलेले, खांद्यावर कुदळीचे वळ आणि डोक्यात बाबांचं बोलणं घेऊन. एका संध्याकाळी घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. हेमलकशाला शाळा सुरू होते आहे, शिक्षक लागतील, आपण जाऊ. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, तो १९८२ साली झाला. सगळा चंद्रपूरच. म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली. मी तीन प्रश्न विचारले. वीज आहे? नाही. रस्ता आहे? उन्हाळ्यात आहे, पावसाळ्यात नद्या भरल्या की नाही. माझ्या आईला पत्र टाकलं तर कधी पोचेल? हे जरा थांबले आणि म्हणाले, “पावसाळ्यात नाहीच पोचणार.” मी म्हटलं, “तुम्ही जा. मी माहेरी जाते.”

“मग?”

“मग काही नाही. पंधरा-वीस दिवसांनी घरचे दिवे गेले. मी काडेपेटी शोधत होते. तेवढ्यात हे म्हणाले, ‘चला, आलं बाप्पा हेमलकसा.’ तेव्हापासून तो शब्द.”

खोलीत सामसूम झाली. बाहेर कुठलासा प्राणी ओरडला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण खरं बोलायला लागलं की जिभेला चटक लागते. मी म्हटलं, “आणि ते अस्वल. ते अस्वल नव्हतंच. मामांच्या डेपोतला चौकीदार काळी घोंगडी पांघरून दारावरून गेला. मी खाटेखाली जाऊन बसले ती सकाळी बाहेर आले. त्या दिवसापासून जंगल म्हटलं की माझे हातपाय गार. त्या चौकीदारापायी मी नाही म्हटलं.”

चाळीस-बेचाळीस वर्षं आमच्या घरातले दिवे जात होते आणि दर वेळी माझ्या पोटात एक खड्डा पडत होता. हा टोमणा आहे, असं मी धरून चालले होते. त्यांना विचारण्याची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. सहा वर्षांपूर्वी हे गेले. आता तर उत्तर येण्याचीही भीती उरली नव्हती.

“आजी,” काळोखातून नातवाचा वकिली आवाज आला, “आजोबा ते रागावून म्हणायचे की हसून?”

मी आठवून पाहिलं. “हसून.”

“मग काय करायचे?”

“कंदील लावायचे. सगळ्यांना जवळ बोलवायचे. अभ्यास बंद करायला लावायचे आणि गोष्ट सांगायचे.”

“तुलापण बोलवायचे?”

“मी स्वयंपाकघरात असले तर गोष्ट थांबवून ठेवायचे. मी येईपर्यंत सुरू करायचे नाहीत.”

“मग बरोबर आहे,” नातू म्हणाला. “त्यांना सगळ्यांना घेऊनच यायचं होतं ना? ते दर वेळी घेऊन यायचे.”

ह्यावर मी काय बोलणार? नाक ओढलं. काळोखात नाक ओढल्याचा आवाज फार मोठा होतो. मी म्हटलं, “थंडी बाधली वाटतं.”

नातीला मात्र वेगळीच चिंता पडली होती. “आजी, तू हो म्हणाली असतीस तर बाबा इथल्या शाळेत गेला असता?”

“गेला असता.”

“मग त्याला आई भेटली नसती. मग आम्ही नसतो.” ती जरा विचारात पडली. “किंवा असतो, पण आमच्याकडे बिबट्या असता.” ह्या दोन शक्यतांतली कुठली बरी, हे तिचं झोप लागेपर्यंत ठरलं नव्हतं.

सकाळी निघण्यापूर्वी आम्ही तीन किलोमीटरांवरच्या भामरागडला जाऊन संगम पाहिला. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती. पावसाळ्यात पत्र अडवणाऱ्या नद्या त्या ह्याच. डिसेंबरात त्या इतक्या शहाण्यासारख्या वाहत होत्या, की मला जरा रागच आला.

मंदाताईंना मी भेटले नाही. त्यांच्यासारखं ‘हो’ म्हणणं सगळ्यांना जमत नाही, आणि न जमलेल्यांनी येऊन त्यांचा वेळ खाऊ नये, एवढं तरी जमायला हवं. पण निघताना मी तिथल्या कार्यालयात ह्यांच्या नावानं थोडी देणगी दिली. पावतीवर नाव आणि गाव लिहायचं होतं. गावाच्या जागी मी चंद्रपूर लिहिलं. नातू वाकून बघत होता. म्हणाला, “आजी, तू तर नागपूरला राहतेस.” मी म्हटलं, “ही पावती १९७६ सालची आहे.”

आता मुलं पुण्यात आहेत. त्यांच्या इमारतीला जनरेटर आहे, त्यामुळे तिथे हेमलकसा आपणहून येत नाही. म्हणून दर रविवारी रात्री साडेआठला ती ते आणतात. घरातले सगळे दिवे बंद, टीव्ही बंद, आईबाबांचे मोबाइल कपाटात, आणि एकच फोन मध्ये ठेवून आजीला लावलेला. मुलगा सांगतो की शेजारचे दोनदा फ्यूज बघायला येऊन गेले. इकडे मीही दिवा घालवते, चष्मा काढून ठेवते आणि सुरू करते.

“आजी,” नातू दर वेळी बजावतो, “खाडाखोड न करता हं.”

मी नाही करत. लग्नातलं भांडण सांगितलं, हरवलेली अंगठी सांगितली, जी मी मोलकरणीवर ढकलली होती आणि जी नंतर पिठाच्या डब्यात सापडली, तीही सांगितली. अस्वल मात्र अजूनही दारापर्यंत येतं. परवा तर ते चहा घेऊन गेलं. तेवढं नात मागते, म्हणून चालतं.